वसुबेन कुठेच निघाली नव्हती

आमच्या पोळच्या, म्हणजे एका दरवाज्याआडच्या जुन्या वस्तीच्या, दरवाज्यातून बाहेर पडणाऱ्या बाईला तीन ठिकाणी जाब द्यावा लागतो. पहिला दाराबाहेरच्या ओटल्यावर बसलेल्या विमुबेनला, दुसरा दरवाज्याशी पानाची गादी मांडून बसणाऱ्या जसुभाईला आणि तिसरा समोर जो भेटेल त्याला. प्रश्न एकच, "कुठे निघालात?" उत्तरंही ठरलेली. हवेलीत दर्शनाला, माणेकचौकात भाजीला, नाहीतर कुणाकडे दुखवट्याला. बत्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी साताऱ्याहून अहमदाबादेत आले, तेव्हा या प्रश्नाने माझं डोकं फिरायचं. आता कुणी विचारलं नाही तर मलाच चुकल्यासारखं वाटतं.

गेल्या वर्षी गोकुळअष्टमी झाली आणि आमच्या समोरच्या वसुमतीबेनने भर दुपारी, सगळी पोळ वामकुक्षी घेत असताना, बाहेर पडायला सुरुवात केली.

"कुठे निघालीस?" विमुबेनने विचारलं.

"कुठेच नाही."

"मग पायात चपला कशाला?"

"कुठेच नाही जायचं म्हटलं तरी रस्ता तापतोच ना, विमु."

विमुबेनला उत्तर न मिळण्याची सवय नाही. ती संध्याकाळपर्यंत धुमसत होती.

वसुबेन त्रेसष्ट वर्षांची. ठेंगणी, गोरी, जाड भिंगाचा चष्मा, कमरेला तपकिरीची डबी. माझं स्वयंपाकघर आणि तिचा झोपाळा यांच्यामध्ये साडेचार हातांची गल्ली. त्यामुळे तिच्या घरात डाळ करपली की खिडकी मी बंद करायची आणि माझ्या घरात भांडण झालं की झोपाळ्याच्या कड्या तिने मुद्दाम जोरात वाजवायच्या, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. अशी बाई. मला ती 'ताई' म्हणायची, मी सात वर्षांनी लहान असूनसुद्धा. पोळमधल्या एकुलत्या एक मराठणीला सगळ्यांनी तेच नाव ठेवलं होतं.

चव्वेचाळीस वर्षं ती या घरात नांदली, पण शहर म्हणून तिला तीन रस्ते ठाऊक होते. हवेलीचा, भाजीचा आणि रमणीकभाईंच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, कापडाच्या पेढीचा. तोही ते डबा विसरले तरच. चौथा रस्ता सासूने, धनीबाने, धरू दिला नाही. धनीबा मी पाहिलेली आहे. बोलायला लागली की मिरचीच्या धुरीसारखी, सगळं घर खोकायचं. सून उंबऱ्याबाहेर जरा रेंगाळली की म्हणायची, "तुमच्या घरच्या पोरींचे पाय एकदा बाहेर पडले की परत येत नाहीत!"

हा टोमणा कशावर आहे ते पोळमधल्या पोरासोरांना ठाऊक होतं. मला लग्नानंतर सहा महिन्यांत समजलं. गच्चीवर पापड लाटता लाटता विमुबेननेच सांगितलं. वसुबेनची थोरली बहीण, नीरू, अठराव्या वर्षी एका कंसाऱ्याबरोबर पळून गेली होती. कंसारा म्हणजे आपला तांबट. "हंडा सांधायला आला आणि पोरगी घेऊन गेला," असं विमुबेन म्हणाली, आणि सगळ्याजणी पापडावर वाकून हसल्या. वाण्याची मुलगी तांबटाच्या घरात! बापाने दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांना डोक्यावरून आंघोळी करायला लावल्या, मुलगी मेली असं जाहीर केलं आणि आठ वर्षांच्या वसुला नडियादला मामाकडे पाठवून दिलं. ती दहा वर्षांनी परत आली ती लग्नाची होऊनच. नीरू मात्र कुठेच गेली नव्हती. याच शहरात, आमच्या पोळपासून पायी बारा मिनिटांवर, तांबटांच्या खडकीत, म्हणजे त्यांच्या लहानशा गल्लीत, तिने संसार केला, चार मुलं वाढवली.

आणि वसुबेन दर वर्षी तिचं श्राद्ध घालायची.

पितृपक्षातली पंचमी ही लग्नाविना गेलेल्यांची. त्या दिवशी वसुबेन पहाटे उठून दूधपाक, म्हणजे आटवलेल्या दुधाची तांदळाची खीर, करायची, पुऱ्या तळायची, आणि गच्चीवरून कौलांवर कावळ्याचा घास ठेवायची. बाकीच्या बायका "काग, काग" म्हणून मोकळ्या होतात. ही नावाने हाक मारायची. "नीरूबेन! ये गं! नीरूबेन, ये!" चार पोळांना ऐकू जाईल अशी. मग दूधपाकाची वाटी घरोघर यायची. मी बत्तीस वर्षं तो दूधपाक खाल्ला. चांगला असायचा, जायफळ बेताचं. खाताना मनात यायचं, काय दगडाच्या काळजाची बाई आहे! चार लेकरांची आई बारा मिनिटांवर जिवंत बसलीय आणि ही तिला कुमारिका म्हणून कावळ्याला जेवू घालतेय. माहेरच्या अब्रूपायी माणूस इतकं कोरडं होतं? धनीबाने तिला जन्मात एकच गोष्ट आपणहून करू दिली, ती ही. "घाल, घाल, जोरात घाल," म्हणायची.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. पोळचा कायदाच तसा आहे. सगळ्यांचं सगळं सगळ्यांना माहीत असतं, पण ज्याचं आहे त्याच्यासमोर काढायचं नाही. याला आम्ही शहाणपण समजतो. मीही समजत होते.

तर, धनीबा गेली, चार वर्षांपूर्वी रमणीकभाई गेले, आणि गेल्या वर्षी मुलाने, परागने, नदीपलीकडे सातव्या मजल्यावर घर घेतलं. दिवाळीनंतर आईला तिकडे न्यायचं ठरलं. वसुबेन नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "ज्या गावातून मला उचलून नेतोयस ते गाव मी बघितलेलंच नाही. तेवढं बघून घेते."

"बा, गाडीने फिरवून आणतो रविवारी."

"गाडीने काय दिसतं? माझं मला फिरू दे."

आणि ती फिरायला लागली. कशासाठी म्हणून नाही. फाटा आला की ज्या बाजूला सावली त्या बाजूला वळायचं, दोन्हीकडे ऊन असलं तर गाय जिकडे जाईल तिकडे. सुरुवातीला हातात रिकामी पिशवी असायची, लोकांनी भाजीला निघालीय असं समजावं म्हणून. आठवड्याभरात तीही सुटली. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून खिडकीतून मला सांगायची, "ताई, आपल्या पाठच्या पोळमधून एका घराच्या चुलीजवळून वाट आहे! मी कणीक मळणाऱ्या बाईला ओलांडून पलीकडच्या बाजारात निघाले. ती म्हणाली, जाताना दार ओढून घ्या." एकदा म्हणाली, "नदी किती जवळ आहे गं! माझं सगळं आयुष्य नदी बाजूला होती आणि मला वाटायचं ती फक्त कुणाला पोचवायला जायची जागा." एकदा पतंगवाल्याच्या घरात बसून खळीत बोटं बुडवून आली. तिच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. मला थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

ओटल्यावर मात्र निराळीच चर्चा. जसुभाईच्या मते डोक्यावर परिणाम झाला होता. विमुबेनने डोळे बारीक करून दुसरंच सांगितलं. "अरे, फिरणं कसलं आलंय? धीर गोळा करतेय ती. जाण्याआधी बहिणीकडे जायचंय. शेवटी रक्त आहे." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. उलट बरं वाटलं.

पितृपक्षात पंचमी झाली. त्या वर्षीही दूधपाक आला, हाकाही ऐकल्या. दोन दिवसांनी परागचा मला फोन आला. "ताई, बा रोज कुठे जाते? ऊन किती आहे! एकदा सोबत जाल का?"

गेले. विमुबेनने ओटल्यावरून मला डोळा घातला.

त्या दुपारचं एकेक वळण मला आठवतं, कारण मी प्रत्येक वळणावर मनात हसत होते. दरवाज्यातून बाहेर पडल्यावर डावीकडे सावली होती, ती डावीकडे वळली. मी म्हटलं, बरोबर. कबुतरांच्या चबुतऱ्यापाशी थांबली, वर बघत राहिली, मग चुन्याच्या बोळात शिरली. म्हटलं, अगदी बरोबर. मध्येच एका शिवणाऱ्या म्हाताऱ्याशी गप्पा मारल्या, एका दाराची कोरीव चौकट हाताने पुसून पाहिली, परत मागे फिरली, परत पुढे आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मला वाटलं, पंचावन्न वर्षांची अढी आहे, सरळ चालत कशी जाईल बिचारी? जाऊ दे वळसे घेत. मी तिच्या हाताला धरलं. ती म्हणाली, "दमलीस का?"

तांबटांच्या खडकीत शिरलो तेव्हा ठोक्यांनी कान किटले. दोन्ही बाजूंना हातोड्या चालू. वसुबेन आनंदाने थांबली आणि ओरडून म्हणाली, "ताई, हे कधी ऐकलं होतंस? बघ, किती जवळ होतं!" मी म्हटलं, "हो, जवळच होतं." माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, मूर्खासारखं.

खडकीच्या टोकाला शेवटचं घर. ओटल्यावर एक म्हातारी चिंच लावून तांब्या घासत बसली होती. पांढरी साडी, केस अगदी विरळ, पाठ ताठ. मी तिला ओळखत होते. पोळमधले सगळेच ओळखत होते, भांडी तिथूनच घ्यायचे. तिने आमच्याकडे पाहिलं आणि हात थांबवला.

"मावशी, पाणी मिळेल का?" वसुबेनने विचारलं.

मला वाटलं, ही सुरुवात कशी करावी ते तिला सुचत नाहीये.

नीरूबेन उठली. आतून लोटा आणला. वसुबेन तोंड न लावता गटागटा प्यायली, पदराने तोंड पुसून म्हणाली, "गोड आहे हो तुमचं पाणी. टाक्याचं?"

नीरूबेन तिच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "पंचमी झाली का यंदाची?"

"झाली ना, परवाच."

"दूधपाक?"

"केला. पण तुम्हाला कसं ठाऊक मी पंचमी करते ते?" वसुबेन हसून माझ्याकडे वळली. "बघ, आपली कीर्ती कुठवर आलीय."

ते मला सहन झालं नाही. वाटलं, दारापर्यंत येऊन अजून ही नाटक करतेय आणि ती म्हातारी उभ्या उभ्या जळतेय. मी चिडून म्हणाले, "वसुबेन, पुरे झालं आता. आलीस तशी तिला जवळ घे. बहीण आहे ती."

"कुणाची?"

तिने तो शब्द अगदी साधेपणाने विचारला. नाटक करणारा माणूस असा विचारत नाही. बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं मी या बाईच्या समोर राहिले, तिचा दूधपाक खाल्ला, तिला दगड म्हटलं. आणि हिला ठाऊकच नव्हतं.

"कुणाची बहीण, ताई?"

"तुझी," मी म्हणाले. "ही नीरूबेन आहे."

वसुबेनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "अगं, माझी नीरूबेन सुरतेला आत्याकडे गेली होती. तिथे पटकीने गेली. मी आठ वर्षांची होते. तार आली, आणि बाने मला अंगणात आंघोळ घातली."

"तार नव्हती आली," नीरूबेन म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "मी आले होते. माझी दोन लुगडी घ्यायला, मागच्या दाराने. भिंतीच्या फटीतून बघितलं. सगळे ओल्या कपड्यांनी उभे होते. तुझ्या अंगावर पिवळी चड्डी होती आणि पाणी गार म्हणून तू हसत होतीस. बाने तुझ्या पाठीत धपाटा घातला, हसू नको म्हणून."

वसुबेन ओटल्याच्या पायरीवर बसली. हातोड्या चालूच होत्या. कुणीतरी थांबवा रे ते, असं मला ओरडावंसं वाटलं.

"पिवळी नव्हती," वसुबेन म्हणाली. "बदामी होती, ओली झाली की तशी दिसायची. तुझ्याच जुन्या परकराची शिवली होती." आणि मग माझ्याकडे मान वळवून, "तुला माहीत होतं?"

"हो."

"विमुला?"

"हो."

"माझ्या सासूला?" मी मान डोलावली. तिला तो टोमणा आठवला असणार, कारण तिने डोळे मिटून घेतले. "पाय परत येत नाहीत म्हणायची. मला वाटायचं सुरतेबद्दल बोलते. मी घाबरून घराबाहेर पडायची नाही. वाटायचं, गेले तर मरेन." मग एकदम, "आणि ह्यांना?"

याचं उत्तर नीरूबेनने दिलं. "रमणीकभाई नव्या वर्षाच्या दिवशी यायचे. परागला घेऊन. त्याला माझ्या पाया पडायला लावायचे. म्हणायचे, 'बेन, तिचं मन फार कडक आहे, तिला सांगायची माझी छाती होत नाही.' पराग अजून येतो. तुझ्या नव्या घरातली भांडी माझ्याच पोराने दिलीत."

हे मला माहीत नव्हतं. मीही पायरीवर बसले. सगळं घर, सगळी पोळ एका बाईपासून चोरून तिच्याच बहिणीला भेटत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण तिचं मन जपतोय.

"म्हणजे तुला खरंच कुणी सांगितलं नाही?" नीरूबेनने विचारलं. तिचा विश्वास बसत नव्हता. ती वसुबेनच्या तोंडाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती, साक्षीदाराकडे बघावं तशी. मी म्हणाले, "नाही सांगितलं. आम्हाला वाटलं..." आम्हाला काय वाटलं याला आता कवडीची किंमत नव्हती.

"तू का नाही आलीस?" वसुबेन ओरडली. ती ओरडलेली मी जन्मात प्रथम ऐकली. दोन दुकानांतल्या हातोड्या खरोखरच थांबल्या. "इतक्या जवळ! मी तुझ्या नावाने रडले, पोराला ताप आला की तुला नवस बोलले, आणि तू इथे बसून तांबे घासत होतीस? का नाही आलीस?"

"बाने शपथ घातली होती. वसुचं लग्न होईपर्यंत या शहरात तू मेलेलीच, म्हणाली, नाहीतर तिला कुणी घरात घेणार नाही. मी मेले. दहा वर्षं. माझी दोन बाळंतपणं झाली, बाला कळवलं नाही. बा गेली, तेव्हा रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. मग तुझं लग्न झाल्याचं कानावर आलं." नीरूबेनने चिंचेचा हात साडीलाच पुसला. "मग आले. पहिल्याच वर्षी. तुझ्यासाठी एक लहानसा डबा केला होता ह्यांनी, पितळी, झाकणावर मोर. तुमच्या पोळच्या दरवाज्यातून आत आले, घर विचारलं. भाद्रपद होता. वरून आवाज आला. तू गच्चीवर होतीस. नव्या नवरीची साडी, हातात पुरीचा तुकडा. कौलांकडे बघून माझ्या नावाने कावळ्याला बोलावत होतीस."

तिने खाली ठेवलेला तांब्या उचलून उलटा ठेवला.

"एकदा नाही, पाच-सहा वेळा. सगळी पोळ ऐकत होती, आणि माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे आणि हिने मला पुरलंय. बाला निदान शपथ घालावी लागली, हिने तर हौसेने केलं. मी खालून परत फिरले. दर वर्षी कुणीतरी येऊन सांगायचं, यंदाही घातलं हो तुमचं श्राद्ध. मी म्हणायची, घालू दे."

वसुबेन पायरीवरून उठली. ती ओटल्याच्या खांबाला धरून वर चढली आणि बहिणीच्या समोर गेली. उंचीला तिच्या खांद्याएवढीच होती.

"खाली का नाही थांबलीस गं?" ती म्हणाली. "मी तुलाच तर बोलावत होते."

नीरूबेनने लहान पोराचं बघावं तसं वसुबेनचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मी चपला शोधल्या आणि एकटीच परत निघाले. दरवाज्याशी विमुबेनने विचारलं, "कुठे गेला होतात?" मला सांगता आलं नाही.